मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर: पहिल्या तासापासून निकालापर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

पोलीस ठाण्याची पायरी चढेपर्यंत बहुतेक घरांत तीन गोष्टी उरकलेल्या असतात. मुलीला आंघोळ घातलेली असते, तिचे कपडे धुऊन दोरीवर वाळत असतात, आणि झाला प्रकार आई, आजी, काका, वर्गशिक्षिका अशा प्रत्येकाने तिच्याकडून वेगवेगळा वदवून घेतलेला असतो. कधी कधी चौथीही होऊन गेलेली असते: कुणीतरी तावातावाने संशयिताच्या दारात जाऊन जाब विचारून येतं आणि त्याला फोन साफ करायला रात्रभर मोकळीक मिळते.

कायदा आहे, योजना आहेत, अधिकारी नेमलेले आहेत. पण यातलं बरंचसं क्रमावर अवलंबून आहे. योग्य गोष्ट चुकीच्या वेळी केली की तिचा उपयोग जातो. म्हणून हा क्रम. पॉक्सो कायदा (२०१२), म्हणजे बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, देशभर एकच आहे. योजना आणि कार्यालयं इथे महाराष्ट्रातली दिली आहेत. गोव्यात स्वतंत्र बाल कायदा (२००३) आणि बाल न्यायालयही आहे, पण पहिल्या चार पायऱ्या तिथेही याच. आणि मुलगा असला तरी सगळं हेच. १८ वर्षांखालचं कुणीही या कायद्यापुढे बालकच आहे.

तयारी: दोन नंबर, एक वही, कागदी पिशव्या

१०९८ ही चाइल्डलाइन, दिवसरात्र आणि मोफत. ११२ हा पोलिसांचा. अत्याचार चालू असेल किंवा संशयित घरातच असेल तर आधी ११२. काय करावं सुचत नसेल तर १०९८.

वही मात्र आजच घाला. तारीख, वेळ, कोणाशी बोललो, ते काय म्हणाले. पोलीस असतील तर नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर. ‘साहेब म्हणाले उद्या या’ याला काही किंमत नसते. ‘अमुक तारीख, सायंकाळी ६:४०, ठाणे अंमलदार अमुक, उद्या या म्हणाले’ याला असते.

वयाचा पुरावा शोधून ठेवा. शाळेचा दाखला किंवा बोनाफाइड, नाहीतर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. लोक आधार कार्ड घेऊन येतात आणि तेवढ्यावर थांबतात. ते ओळखीसाठी ठीक, वय सिद्ध करायला नाही. पंधरा-सतरा वर्षांच्या मुलींच्या प्रकरणात अख्खा खटला वयाच्या कागदावर उभा असतो.

पायरी १: मूल सांगत असेल तेव्हा

ऐकायचं. मध्ये थांबवायचं नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आता मी बघते’ एवढं बोललं की पुरे.

सुरक्षिततेसाठी लागेल तेवढंच विचारा: कोण होतं, कुठे, शेवटचं कधी, कुठे दुखतंय का. बाकीचे प्रश्न तुमचे नाहीत. ‘मग तू ओरडली का नाहीस?’, ‘नक्की आठवतंय ना?’, ‘काकांनीच केलं ना?’ यातला पहिला प्रश्न मुलाचं तोंड बंद करतो आणि शेवटचा पुढे बचाव पक्षाच्या वकिलाच्या कामी येतो. ‘घरच्यांनी पढवलं’ हा त्यांचा ठरलेला मुद्दा असतो.

मूल झोपलं की वही उघडा आणि त्याने जे शब्द वापरले तेच उतरवा. पाच वर्षांची मुलगी म्हणाली, ‘दादांनी शूच्या जागी बोट लावलं,’ तर तेच लिहा. त्याचं ‘लैंगिक चाळे केले’ असं शुद्ध मराठी करू नका. त्या वयाचं मूल त्या वयाच्या भाषेत बोलतं आणि कोर्टात तेच पटतं.

थांबा: दोन आश्वासनं देऊ नका. ‘कुणालाही सांगणार नाही’ हे पाळता येणार नाही. ‘त्याला आता सोडत नाही’ हे ऐकून मूल घाबरून शब्द फिरवतं, कारण करणारा बऱ्याचदा त्याचा लाडका माणूस असतो.

पायरी २: पुरावा जसा आहे तसा ठेवा

वैद्यकीय तपासणी होईपर्यंत शक्यतो आंघोळ नाही, कपडे बदलणं नाही. बदलले असतील तर ते धुऊ नका. ओले असतील तर सावलीत वाळवा आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणाने नमुने कुजतात. चादर, टॉवेल, चड्डी हेही त्यात आलं. पोलीस पंचनामा करून ते ताब्यात घेतील. पंचनाम्यात प्रत्येक वस्तू लिहिली गेली की नाही ते सही करण्याआधी वाचा.

आंघोळ होऊन गेली असेल, कपडे धुतले असतील, तरी तक्रार करायचीच. पॉक्सोमध्ये मुलाचा जबाब हाच मोठा पुरावा असतो आणि स्पर्शाच्या कित्येक प्रकारांत अंगावर खूण राहतच नाही.

प्रकार फोनवरून झाला असेल तर चॅट पुसू नका, संशयिताला ब्लॉक करण्याआधी त्याच्या खात्याचं नाव, नंबर आणि लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, फोन रीसेट करू नका. पुढे तो फोनच द्यावा लागेल.

थांबा: मुलाचा आक्षेपार्ह फोटो किंवा व्हिडिओ ‘पुरावा म्हणून’ भावाला, वकिलाला, सोसायटीच्या ग्रुपवर पाठवू नका. तो पाठवणं हाच वेगळा गुन्हा आहे. अशा चित्रणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये भूमिका आणखी कडक केली आहे. ज्या फोनमध्ये आहे तो फोन पोलिसांना दाखवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला-बालकांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं.

पायरी ३: आधी दवाखाना की आधी ठाणं?

रक्तस्राव, ताप, दुखापत असेल किंवा घटना तीन दिवसांच्या आत घडली असेल तर आधी दवाखाना. हे तीन दिवस, म्हणजे ७२ तास, महत्त्वाचे आहेत: एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं त्याच मुदतीत सुरू करावी लागतात आणि गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. शरीरावरचे नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेतले जातात.

‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ हे वाक्य ऐकू आलं तर तिथेच उभे राहा. तातडीच्या उपचारासाठी कुठलाही कागद मागता येत नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार द्यायचे आहेत आणि नाकारले तर रुग्णालयाच्या प्रमुखावर गुन्हा होतो. एफआयआर व्हायचा बाकी असला तरी तपासणी करता येते. रुग्णालय स्वतः पोलिसांना कळवेल. ते त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

तपासणीच्या खोलीत काय बघायचं:

मुलगी असेल तर तपासणारी डॉक्टर स्त्री असली पाहिजे. पालक किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत राहू शकते. बारा वर्षांवरच्या मुलाची संमती त्याचीच घेतात, त्याखालच्यांची पालकांची, आणि एखादा भाग नको म्हटला तरी उपचार थांबत नाहीत. दोन बोटांची चाचणी (योनिमार्गात बोटं घालून केली जाणारी) सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावून बंद केली आहे. कुणी करू लागलं तर नाही म्हणा आणि वहीत नोंद करा.

गर्भपात करावा लागणार असेल तर ते सुरू होण्याआधी तपासी अधिकाऱ्याला कळवा आणि डॉक्टरांना सांगा की ऊतींचा नमुना डीएनएसाठी राखून ठेवा. हे राहून जातं आणि नंतर काही करता येत नाही. २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायद्याने शक्य आहे. त्यापुढे उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

पायरी ४: फिर्याद

सर्वांत जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

फिर्यादी कोण? कुणीही होऊ शकतं: आई, शेजारी, शिक्षिका, अंगणवाडी सेविका. शक्य असेल तर मुलाने ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्यानेच फिर्याद द्यावी. तो पुढे साक्षीदारही असतो, आणि एकच माणूस दोन्ही ठिकाणी असला की गोष्ट तुटत नाही.

कुठे? जवळच्या कुठल्याही ठाण्यात. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर चालत नाही; शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग करायचा असतो.

मूल सोबत न्यायचं का? फिर्याद देण्यासाठी गरज नाही. त्याला घरी विश्वासाच्या माणसाजवळ ठेवा.

सही करण्याआधी हे तपासा.

एक, ही एफआयआरच आहे ना? ठाण्यात ‘अर्ज घेतलाय’ म्हणून शिक्का मारून देतात किंवा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून देतात आणि माणूस कागद मिळाला म्हणून समाधानाने घरी जातो. अर्ज म्हणजे गुन्हा नोंद नव्हे. गुन्हा रजिस्टर नंबर विचारा आणि प्रत मोफत घ्या, ती तुमचा हक्क आहे.

दोन, पॉक्सोची कलमं लागली आहेत का? आणि योग्य ती? मूल बारा वर्षांखालचं असेल, करणारा नातेवाईक, शिक्षक किंवा शाळेचा कर्मचारी असेल, किंवा प्रकार एकाहून जास्त वेळा झाला असेल तर तो गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. तेव्हा प्रकारानुसार कलम ६ किंवा १० दिसायला हवं, ४ किंवा ८ नाही. वेगळं दिसलं तर तिथेच विचारा.

तीन, ‘कपड्यांवरूनच तर हात लावला’ असं म्हणून प्रकरण हलकं केलं जातंय का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्वचेशी त्वचेचा स्पर्श हवा असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. त्यामुळे तो युक्तिवाद संपला.

चार, उशिराचं कारण लिहिलंय का? ‘इतके दिवस गप्प का बसलात’ हा प्रश्न कोर्टात येणार. मूल घाबरलं होतं, धमकी होती, काल रात्री पहिल्यांदा सांगितलं, जे खरं असेल ते फिर्यादीतच असू द्या.

पाच, पोलिसांनी तुम्हाला ‘नमुना अ’ दिला का? २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलाच्या हक्कांचा हा छापील कागद द्यावाच लागतो. न मागता क्वचितच मिळतो. मागा.

घेतच नसतील तर? पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी अर्ज टपालाने पाठवा, पोचपावती जपा. तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सोबतच बाल कल्याण समितीला (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) थेट कळवा, तिथे वकील लागत नाही. गुन्हा न नोंदवणं हाही पॉक्सोखाली गुन्हा आहे, हे शांतपणे सांगितलं तरी कित्येकदा काम होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणात तक्रारीसाठी पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि कळवलं नाही म्हणून शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवरही गुन्हा दाखल झाला.

शाळांसाठी थोडं थेट सांगतो. राज्यातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आहेत, त्या असाव्यातच. पण समितीची बैठक, संस्थाचालकांना कळवणं, ‘आधी अंतर्गत चौकशी करू’ हे पोलिसांना कळवण्याला पर्याय नाही. माहिती असून न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कुठलाही दावा होत नाही.

थांबा: ‘मुलीचं नाव खराब होईल, तडजोड करा’ असं सांगणारा कुणीतरी याच टप्प्यावर उगवतो, बहुधा नात्यातलाच. कागदावर तडजोड केली तरी खटला मिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एका शिक्षकाच्या प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे.

पायरी ५: मुलाचा जबाब, दोन वेळा आणि दोन ठिकाणी

पहिला पोलिसांपुढे. तो मुलाच्या घरी किंवा त्याला जिथे बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, वर्दी न घालता. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही आणि संशयित समोर येता कामा नये. मूल घरी वऱ्हाडी, अहिराणी, गोंडी, कोकणी असं काही बोलत असेल तर तसंच बोलू द्या. दुभाषी मागता येतो. ऐकू न येणाऱ्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी विशेष शिक्षक मागा. ही मागणी लेखी करा.

दुसरा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. तिथे पोलीस खोलीत नसतात. लोकांना वाटतं हे पुनरावृत्तीचं काम आहे, म्हणून आदल्या रात्री मुलाला बसवून ‘पोलिसांना काय सांगितलं होतंस, तेच सांग’ अशी उजळणी घेतात. करू नका. मुलाला इतकंच सांगा की एक मॅडम किंवा सर विचारतील, जे आठवतं ते सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. दोन जबाबांत थोडाफार फरक पडला तर घाबरू नका, खरं बोलणाऱ्या मुलाच्या जबाबातही तो पडतोच.

पायरी ६: बाल कल्याण समिती आणि सपोर्ट पर्सन

गुन्हा नोंदल्यापासून २४ तासांत पोलिसांनी समितीला कळवायचं असतं. दुसऱ्या दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला फोन करून ‘आमच्या गुन्ह्याची माहिती आली का’ एवढं विचारा. आली नसेल तर एफआयआरची प्रत घेऊन स्वतः जा.

समितीकडून दोन गोष्टी हव्यात. संशयित घरातलाच असेल तर मूल कुठे राहणार याचा निर्णय. तो समितीने तीन दिवसांत घ्यायचा असतो. आई भक्कम उभी असेल तर मूल आईजवळच राहावं आणि संशयिताने घर सोडावं, हे ठामपणे मांडा. मुलाला बालगृहात पाठवणं हा पहिला उपाय नाही. त्याला ती शिक्षा वाटते.

दुसरी गोष्ट सपोर्ट पर्सन. हा माणूस तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत असतो, तारखा सांगतो, कोर्टात सोबत येतो आणि दर महिन्याला समितीला अहवाल देतो. ‘आम्ही आहोत ना, बाहेरचं कुणी नको’ म्हणून घरचे नकार देतात. घ्या. तुम्हाला कोर्टाची पायरी नवी आहे, त्याला नाही.

पायरी ७: पैसे

मदत तीन वाटांनी येते, आणि तिन्ही निकालाची वाट न पाहता मागायच्या असतात.

तातडीची मदत: अन्न, कपडे, प्रवास यासाठी समिती शिफारस करते आणि ती आठवड्याभरात मिळायला हवी. हातावर पोट असलेल्या घरांना हीच आधी लागते आणि हीच कुणाला माहीत नसते.

अंतरिम भरपाई: एफआयआरनंतर केव्हाही विशेष न्यायालय मंजूर करू शकतं. आदेश झाल्यावर सरकारने ३० दिवसांत रक्कम द्यायची. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरी भरपाईचा हक्क जात नाही.

मनोधैर्य योजना: महाराष्ट्राची. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. कमाल रक्कम १० लाख रुपये, प्रत्यक्ष किती ते प्रकारावर ठरतं आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत मोठा भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. सोबत एफआयआर, वैद्यकीय कागद, वयाचा दाखला आणि बँकेचं पासबुक.

तपासा: खातं मुलाच्या नावे, पालक म्हणून आईचं नाव. वडील किंवा काका आरोपी असताना त्यांच्याशी जोडलेलं जुनं खातं अर्जात लिहिलेलं सापडतं. दलाल ‘मंजूर करून देतो’ म्हणत फिरत असतील तर हाकला. वकीलही याच प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

पायरी ८: दोषारोपपत्र ते निकाल

पॉक्सोचा तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हायचा असतो. आरोपीला अटक झाली का, जामिनासाठी अर्ज आला का, हे तुम्हाला कळवणं पोलिसांचं काम आहे. कळवत नसतील तर तपासी अधिकाऱ्याला लेखी विचारा. जामिनाला विरोध करायचा असेल, धमक्या येत असतील, तर प्रत्येक धमकी तारखेसह लिहून सरकारी वकिलांना आणि ठाण्यात द्या.

कायदा म्हणतो मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात. प्रत्यक्षात तारखा लांबतात. लांबल्या की साक्षीदार फितूर होतात, म्हणून वहीत साक्षीदारांचे पत्ते ताजे ठेवा आणि घर बदललं तर ठाण्यात नवा पत्ता द्या. समन्स परत गेल्याने साक्ष राहून जाते.

साक्षीच्या आधी सपोर्ट पर्सनबरोबर मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणा. सुनावणी बंद खोलीत होते, आरोपी दिसणार नाही अशी व्यवस्था पडद्याने किंवा व्हिडिओने करतात, आणि दोन्ही बाजूंचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच मुलाला विचारायचे असतात. वकील थेट मुलावर तुटून पडला तर सरकारी वकिलांना खूण करा. मध्ये विश्रांती मागता येते, मागा. डबा, पाण्याची बाटली आणि एखादं खेळणं सोबत असू द्या. तारखेला दिवस जातो.

थांबा: संपूर्ण काळात मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली बाहेर जाता कामा नये. मोर्चाचा फलक, गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप, स्थानिक यूट्यूब चॅनेल, सगळीकडून ओळख फुटते, आणि ‘न्याय द्या’ म्हणून फोटो टाकणाऱ्यालाही कायदा सोडत नाही.

शाळेतून घाईने दाखला काढू नका. वर्गशिक्षिकेला लागेल तेवढंच सांगा आणि समितीमार्फत समुपदेशन मागा. शिक्षण चालू ठेवणं हाही नमुना अ मध्ये लिहिलेला हक्क आहे.

निकाल लागला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. आरोपी सुटला, कमी कलमात शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी ठरली तर अपील मुलाच्या बाजूनेही करता येतं, आणि अपिलाची मुदत प्रतीची वाट पाहत बसणाऱ्यांच्या हातून निसटते. भरपाईचा आदेश निकालपत्रात असेल तर ती प्रत घेऊन विधी सेवा प्राधिकरणात स्वतः जा आणि आवक क्रमांक वहीत लिहून घ्या.